राउटरचा मिनी यूपीएस: टॉवर बंद पडला तरी फोन लागावा म्हणून

घोडबंदर रोडवरच्या उंच इमारती असोत की घणसोली-ऐरोलीतल्या सोसायट्या, लाईट गेली की पुढचा क्रम ठरलेला. राउटर त्याच क्षणी बंद. फोनचं नेटवर्क सुरुवातीला ठीक दिसतं, मग दांड्या कमी होतात, कॉल लागायला वेळ लागतो, आणि लाईट लांबली तर दोन-तीन तासांनी स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' एवढंच उरतं. हजार ते अडीच हजारांत मिळणारी मिनी यूपीएसची पेटी राउटर चालू ठेवते, आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू असेल तर टॉवर नसतानाही नेहमीच्याच नंबरावरून कॉल होतो. ज्या घरात इन्व्हर्टर नाही त्या घराने ही पेटी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र खोक्यावर छापलेले तास मिळत नाहीत. आणि पेटी नीट चालत असूनही इंटरनेट गेलं, तर दोष बहुधा खाली मीटर रूममध्ये किंवा डक्टमध्ये असतो.

हे एका कंपनीच्या मालाचं परीक्षण नाही. ठाणे स्टेशनजवळ, गोखले रोडवर, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये आणि ऑनलाइन बारा व्होल्टची जी पेटी निरनिराळ्या नावांनी विकली जाते, त्या प्रकाराचं आहे. वरचं नाव बदललं तरी आतला माल दोन-तीन प्रकारचाच असतो.

टॉवर दोन-तीन तासांतच का थकतो

मोबाईल टॉवरची यंत्रणा ४८ व्होल्ट डीसीवर चालते. लाईट असताना रेक्टिफायर, म्हणजे लाईटची डीसी करणारं यंत्र, भार उचलतो आणि सोबत बॅटरी चार्ज करतो. लाईट गेली की भार बॅटरीवर येतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी लिथियमची ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची मॉड्यूल बसवतात. एका मॉड्यूलमध्ये ४.८ युनिट वीज मावते, तिघांत १४.४. एकाच जागी दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असली आणि मिळून भार चार किलोवॉट धरला, तर कागदावर साडेतीन तास. बॅटरी जुनी असेल, ठाण्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या कॅबिनेटमध्ये भाजून निघाली असेल, तर त्याहून बरंच कमी. मोकळ्या जागेवरच्या टॉवरला डिझेल जनरेटर असू शकतो. सोसायटीच्या गच्चीवर आवाज, धूर आणि डिझेलचा साठा यांमुळे तो सहसा नसतो. मग फिरता जनरेटर घेऊन गाडी यायची, आणि लाईट गेलेल्या संध्याकाळी घोडबंदर रोडवर ती किती वाजता पोहोचेल हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मोठ्या संकुलांत लॉबी, लिफ्ट आणि बेसमेंटसाठी छतात छोटे अँटेना लावलेले असतात. त्यांची वीज बहुधा इमारतीतूनच घेतलेली असते. ती लाइन जनरेटरवर नसेल आणि कॅबिनेटमध्ये बॅटरीही नसेल, तर घरातलं नेटवर्क लाईटबरोबरच जातं. बाहेर रस्त्यावर टॉवर चालू असतो, पण काँक्रीट आणि काचेच्या आत तो पुरेसा पोहोचत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्यांवरच्या बिघाडाने मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली. काही भागांत लाईट यायला संध्याकाळ झाली. अशा दिवशी दोन गोष्टी एकदम होतात: टॉवरच्या बॅटऱ्या उतरत जातात, आणि त्याच वेळी प्रत्येक जण फोन करत असतो. जो टॉवर चालू राहिला त्याच्यावर शेजारच्या बंद टॉवरांचीही गर्दी येते. दांड्या पूर्ण दिसूनही कॉल न लागण्याचं कारण हेच.

पेटी उघडली तर

स्क्रू बहुधा खालच्या रबरी पायांखाली लपवलेले असतात. झाकण निघालं की तीन गोल सेल शेजारीशेजारी दिसतात, निळ्या किंवा हिरव्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. टोकांना निकेलच्या पातळ पट्ट्या स्पॉट-वेल्डने जोडलेल्या असतात. नीट पाहिलं तर प्रत्येक टोकावर वेल्डचे बारीक ठिपके दिसतात. ठिपक्यांऐवजी शिशाचा गोळा दिसला, म्हणजे सेल डाग देऊन जोडलेला आहे आणि जोडतानाच भाजला गेला आहे. अशी पेटी परत करा. बाजूला हिरवा सर्किट बोर्ड असतो: जादा चार्ज, जादा डिस्चार्ज आणि शॉर्ट रोखणारा भाग, आणि व्होल्टेज वर-खाली करणारा भाग. तांब्याची तार गुंडाळलेली काळी कॉइल दिसते ती या दुसऱ्या भागाची.

वेष्टनावर सेलची क्षमता छापलेली असते. २००० ते २६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास; हजाराचा एक अँपिअर-तास) हा आकडा विश्वासाचा. सर्रास मिळणारे चांगले १८६५० सेल ३५०० च्या आसपास थांबतात, त्यामुळे ५००० किंवा ९९०० छापलेला सेल नकलीच समजा. वजनाचीही परीक्षा आहे: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तीन सेलच १३५ ग्रॅमचे झाले, त्यावर बोर्ड आणि डबी. पूर्ण पेटी हातात पिसासारखी हलकी लागली तर आत काहीतरी कमी आहे. दुकानात पेटी उघडू देणार नाहीत, पण विचारता येतं: "दादा, यात सेल किती आहेत आणि प्रत्येकी किती एमएएचचे?" ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पाहता येतो. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि ही वस्तू वर्षभर चोवीस तास प्लगमध्ये राहणार आहे, तेव्हा ती दोन मिनिटं काढाच.

खोक्यावरचे तास आणि खरे तास

खोक्यावर '६००० एमएएच, ४ तास' असं लिहिलेलं असतं. हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा; राउटर चालतो १२ व्होल्टवर. म्हणून एमएएच बाजूला ठेवा आणि वॉट-तास काढा. तीन सेल, प्रत्येकी २ अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, झाले सुमारे २२ वॉट-तास. व्होल्टेज बदलताना उष्णतेत जाणारा भाग वजा केला, म्हणजे ८५ टक्के धरले, तर राउटरपर्यंत १८-१९ पोहोचतात. दोन्ही बँड चालू असलेला फायबरचा राउटर साधारण ६ ते ९ वॉट खातो. आठ धरा. उत्तर: दोन तास वीस मिनिटं. दोन वर्षांनी सेल सत्तर टक्क्यांवर आले की एक तास चाळीस.

फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फायचा राउटर वेगळा असेल, तर दोघांना मिळून १५ वॉट लागतात आणि हीच पेटी सव्वा तास टिकते. अशा घरात चार सेलची, प्रत्येकी २६०० एमएएचची पेटी बघा. तिच्यात ३८ वॉट-तास असतात. एकट्या आठ वॉटच्या राउटरला चार तास, दोघांना दोन तासांच्या वर. राउटरच्या लेबलवर '१२ व्होल्ट, १.५ अँपिअर' असतं ती कमाल मर्यादा, नेहमीचा खप नव्हे. खरा आकडा हवा असेल तर प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने दहा मिनिटं मोजा.

आणखी एक फरक खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. काही पेट्यांत तीन सेल ओळीने जोडून तेच व्होल्टेज थेट राउटरला देतात. पूर्ण चार्जवर ते १२.६ व्होल्ट असतं आणि उतरत उतरत ९ च्या आसपास येतं. काही राउटर साडेदहाच्या खाली गेल्यावर सारखे बंद-चालू होऊ लागतात. सेलमध्ये चार्ज असतो, पण उपयोग नाही. माहितीपत्रकात आउटपुट '९ ते १२.६ व्होल्ट' लिहिलं असेल तर ती पेटी या जातीची. 'स्थिर १२ व्होल्ट' लिहिलेली घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

सगळ्यात जास्त तक्रारी अडॅप्टरमुळे

या पेटीबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते: "लाईट जाते तेव्हा नेट चालतं, पण लाईट आली की राउटर बंद पडतो." पेटी खराब म्हणून लोक परत करतात. कारण दुसरंच असतं. बहुतेक पेट्यांसोबत अडॅप्टर येत नाही. राउटरचाच अडॅप्टर पेटीत खोचायचा आणि पेटीची वायर राउटरला लावायची. तो अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा असेल, तर त्याची झेप १२ वॉटची. राउटरला आठ लागतात. रिकामी बॅटरी चार्ज व्हायला आणखी सात ते दहा मागते. पंधरा-अठरा वॉटचा भार बारा वॉटच्या अडॅप्टरवर पडला की व्होल्टेज बसतं आणि राउटर रिस्टार्ट होतो, तोही नेमका लाईट आल्यावर, बॅटरी पूर्ण उतरलेली असताना. उपाय सोपा: १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. अडीचशे ते चारशे रुपयांत मिळतो. पेटी घेताना तो सोबतच घ्या. अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट असावा, चटका बसता कामा नये.

पिनही तपासा. राउटरच्या गोल पिनचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं छिद्र २.१ किंवा २.५. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी राउटर बंद. उलट २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटमध्ये जातच नाही, तेव्हा जोर लावू नका. सोबतच्या पिशवीत दोन-तीन जोडण्या येतात, त्यातली घट्ट बसणारी निवडा. मधला भाग धन आणि बाहेरचा ऋण हे चिन्ह दोन्ही लेबलांवर सारखं आहे ना, ते पाहा. काही जुने राउटर ९ व्होल्टचे आणि काही ५ व्होल्टचे असतात. त्यांना १२ ची पेटी लावली तर राउटर जळतो.

पेटी कुठे ठेवता यावर तिचं आयुष्य ठरतं. टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवली तर सेल कायम गरम आणि कायम पूर्ण चार्ज राहतात. लिथियमच्या सेलला याहून वाईट काही नाही. भिंतीवर, उघड्यावर लावा. दर तीन महिन्यांनी एकदा संध्याकाळी राउटरचा प्लग बंद करून पेटी पूर्ण उतरू द्या आणि वेळ लिहून ठेवा. पहिल्या वेळेच्या साठ टक्क्यांखाली आली की सेल बदलायची वेळ झाली. बदलायचे तर तिन्ही एकदम, एकाच बनावटीचे, आणि स्पॉट-वेल्ड करणाऱ्याकडूनच. डबी फुगली, वाकली किंवा गोडसर उग्र वास आला तर लगेच प्लग काढून बाल्कनीत फरशीवर ठेवा. जुने सेल सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कचऱ्याच्या गाडीत सेल दाबला गेला तर आग लागते.

ज्यांनी ही पेटी घेऊ नये

घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या मागचा स्विच बघा. तो साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना काही क्षणांचा खंड पडतो आणि राउटर रिस्टार्ट होतो. पुन्हा जोडायला दोन-तीन मिनिटं जातात. स्विच 'यूपीएस' मोडवर केला की खंड इतका लहान होतो की राउटरला कळत नाही. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॉट-तास असतात, म्हणजे या पेटीच्या ऐंशीपट. एक पैसाही न खर्चता काम झालं.

सोसायटीच्या जनरेटरची लाइन घरात येत असेल आणि त्या प्लगवर राउटर लावता येत असेल, तर जनरेटर चालू होईपर्यंतचं अर्ध-एक मिनिट सांभाळलं की पुरे. त्यासाठी सर्वात स्वस्त, छोटी पेटीही चालते.

वीस हजार एमएएचची पॉवर बँक घरात असेल तर तिच्यात ७४ वॉट-तास असतात. पाचाचे बारा व्होल्ट करणारी केबल लावून आठ वॉटचा राउटर सात-साडेसात तास चालतो, पेटीच्या तिप्पट. पण ती लाईट गेल्यावर हाताने जोडावी लागते, आणि पाच व्होल्ट, दोन अँपिअरच्या पोर्टवर राउटरचा खप आठच्या वर गेला तर केबल गरम होऊन बंद पडते. घरी कोणी असतं आणि पैसे वाचवायचे आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. वृद्ध आई-वडील एकटे राहतात त्या घरात मात्र पेटीच हवी, कारण तिथे कोणाला काही जोडावं लागत नाही.

नेटवर्क येत नाही म्हटल्यावर काही दुकानदार 'सिग्नल बूस्टर' पुढे करतात. तो घेऊ नका. परवान्याशिवाय असा रिपीटर विकणं, बाळगणं किंवा लावणं बेकायदा आहे, आणि तो स्वतःचा गोंगाट टॉवरकडे पाठवून आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो. शिवाय टॉवरच बंद असेल तर बूस्टर वाढवणार काय?

वाय-फाय कॉलिंग: लाईट असतानाच तपासा

मिनी यूपीएस घेऊनही फोन लागत नाही, याचं घरातलं कारण बहुधा एकच: वाय-फाय कॉलिंग बंद राहिलेलं असतं. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली; वेगळे पैसे लागत नाहीत. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग मोबाईल नेटवर्क किंवा सिम, त्यात वाय-फाय कॉलिंग. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं, आणि बहुतेक जण एकावरच थांबतात.

चाचणी अशी करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा. मिनिटभरात वरच्या पट्टीवर वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह दिसलं पाहिजे. घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल करा, तिकडून उलटा कॉल घ्या, एक एसएमएसही मागवा. बँकेचा ओटीपी असाच येणार आहे. चिन्हच येत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'आयपीसेक पासथ्रू' चालू आहे का पाहा. वाय-फाय कॉलसाठी आपला फोन हा मोबाईल कंपनीच्या यंत्रणेशी यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० वरून बंद बोगदा तयार करतो. ते पोर्ट अडवले तर इंटरनेट उत्तम चालेल, कॉल मात्र जाणार नाही. कॉलला वेग फार लागत नाही, सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास पुरतो. म्हणून लाईट नसताना घरातले व्हिडिओ बंद करा.

खऱ्या अंधारातही हीच एअरप्लेन मोडची युक्ती उपयोगी पडते. जवळचा टॉवर बंद पडला की फोन लांबच्या टॉवरच्या एका दांडीला चिकटून बसतो, पूर्ण ताकदीने ओरडत राहतो आणि बॅटरी संपवतो. वाय-फाय समोर असूनही कॉल त्या अशक्त दांडीवरून काढायचा प्रयत्न करतो. एअरप्लेन मोड केला की तो मुकाट्याने वाय-फायवर येतो. काही फोनमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' असा पर्याय असतो, तो निवडला तर हे सारखं करावं लागत नाही.

पण एक धोका नीट समजून घ्या. आपत्तीचा इशारा देणारे मोठ्या आवाजातले संदेश, ज्यांच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या, ते टॉवरवरून सेल ब्रॉडकास्टने येतात, म्हणजे टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदमच संदेश पाठवतो. वाय-फायवरून येत नाहीत. अतिवृष्टीच्या रात्री घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर असतील तर इशारा कोणालाच मिळणार नाही. एक फोन साध्या मोडवर ठेवा, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप बाकीच्यांवर टाका. ते इंटरनेटवरून चालतं. ११२ लावायचा असेल तर एअरप्लेन मोड काढून लावा. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी आपत्कालीन कॉलसाठी फोन जे मिळेल ते नेटवर्क वापरू शकतो. त्या वेळी 'फक्त आपत्कालीन कॉल' ही ओळ चांगली बातमी असते: कुठला तरी टॉवर जिवंत आहे.

मोठ्या आपत्तीत सरकारच्या सूचनेवरून कंपन्या एकमेकांच्या ग्राहकांना आपलं नेटवर्क खुलं करतात. तसं जाहीर झालं तर नेटवर्क निवडीतलं 'ऑटोमॅटिक' बंद करून यादीतलं दुसऱ्या कंपनीचं नाव हाताने निवडून पाहा.

घरातून बाहेर पडलेली वायर

आता पेटीच्या पुढची साखळी. घरात पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर येत असेल आणि तिच्या टोकाला हिरवं चौकोनी कनेक्टर असेल, तर बहुधा इमारतीत वीज लागणारं यंत्र मध्ये नाही. डक्टमधला स्प्लिटर म्हणजे नुसती काच; त्याला करंट लागत नाही. पुढचं यंत्र थेट कंपनीच्या खोलीत असतं आणि तिथे बॅटरी असते. लाईट गेल्यावर राउटरवरचा 'पॉन'चा (PON) दिवा स्थिर हिरवा राहिला तर तिथपर्यंत सगळं ठीक आहे. 'लॉस'चा (LOS) दिवा लाल लुकलुकू लागला तर एक तर पलीकडचं यंत्र बंद पडलं किंवा फायबर तुटली. मेट्रोच्या आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणं ठाण्यात नवं नाही, तेव्हा लाल दिवा दिसला की पेटीला दोष देत बसू नका, तक्रार नोंदवा.

घरात फायबर नसून लॅनची वायर येत असेल तर गोष्ट वेगळी. लॅनची वायर शंभर मीटरपेक्षा लांब नेता येत नाही, म्हणून केबलवाला उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर, डक्टमध्ये एकेक नेटवर्क स्विच, म्हणजे एक लाइन अनेक घरांत वाटणारा डबा, लावतो. खाली मीटर रूममध्ये किंवा वर लिफ्टच्या खोलीत फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करणारा मीडिया कन्व्हर्टर. हे सगळं सोसायटीच्या साध्या लाईटवर. लाईट गेली की ते बंद, आणि तुमची पेटी सुखाने रिकाम्या राउटरला वीज देत राहते. ओळखायची खूण: राउटरचा 'वॅन' (WAN), म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचा, दिवाच विझलेला असतो.

काही केबलवाले याला एक हुशार उपाय करतात. मजल्यावरचा स्विच ग्राहकांच्या घरातूनच, लॅनच्या वायरीतून, वीज घेतो. घरात राउटरजवळ एक छोटा इंजेक्टर (लॅनच्या वायरीत वीज सोडणारा डबा) आणि त्याचा वेगळा अडॅप्टर दिसला तर तुमच्याकडे हीच पद्धत आहे. अशा मजल्यावर एका घराने इंजेक्टर बॅकअपवर घेतला तरी स्विच जिवंत राहतो. मात्र इंजेक्टर अनेकदा १२ ऐवजी १८ किंवा २४ व्होल्टचा असतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय मिनी यूपीएस लावू नका. मीडिया कन्व्हर्टरचंही तेच: बरेच ५ व्होल्टचे असतात, १२ ची पिन त्यात सहज जाते आणि तो क्षणात जळतो.

सोसायटीने करायचं काम खर्चाचं नाही. केबलवाल्याला सोबत घेऊन इमारतीतली प्रत्येक वीज लागणारी जागा शोधा. आठ पोर्टचा स्विच पाच ते दहा वॉट खातो. जिन्यातले दिवे आणि पंप जनरेटरवर चालतात त्याच लाइनवरून त्याला एक प्लग द्या, आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या खंडासाठी एक मिनी यूपीएस लावा. जनरेटर नसेल तर चार सेलची मोठी पेटी. मजले वेगवेगळे असतील तर सगळीकडे लावा; वरचा स्विच चालू आणि मधला बंद असला तर उपयोग शून्य. तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पेटी जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळघरं आणि तळमजले पाण्याखाली गेले होते. छातीच्या उंचीवर, भिंतीला, वायरी खालून वर जातील अशी लावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी पेटीत शिरत नाही.

मग एके दुपारी, आधी सगळ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवून, सेक्रेटरी आणि केबलवाला हजर असताना मीटर रूममधला तो प्लग दहा मिनिटं बंद करा. वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावरच्या एकेका घरातून, फोन एअरप्लेन मोडवर टाकून, वाय-फायवरून कॉल करून पाहा. जिथे कॉल तुटला त्या मजल्याच्या डक्टमध्ये एक स्विच बॅकअपशिवाय राहिला आहे. काम झालं की प्लगच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'इंटरनेटचा स्विच, बंद करू नये', आणि खाली केबलवाल्याचा नंबर. इलेक्ट्रिशियन ड्रिल लावायला रिकामा प्लग शोधत येतो, तेव्हा पहिला हात याच प्लगला जातो.